आर्यमदिरामंडळ : ‘एकच प्याला’विषयीं कांहीं विचार

राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक रंगभूमीवर आलें तें १९१९ च्या फेब्रुवारींत, बडोद्यास, गंधर्व नाटक मंडळीकडून. त्यापूर्वीं महिनाभरच, जानेवारींत, नाटककार वयाच्या चौतिसाव्या वर्षीं सावनेर येथें निवर्तले होते. आपल्या ह्या कृतीचा एकही प्रयोग त्यांस पाहावयास मिळाला नाहीं. पदें वि. सी. गुर्जर यांनीं रचून दिलीं, सिंधूची भूमिका बालगंधर्वांनीं केली, सुधाकराची गणपतराव बोडसांनीं. आणि तेव्हांपासून शंभरांहून अधिक वर्षें महाराष्ट्र ह्या नाटकावर अश्रु ढाळीत आला आहे. एखाद्या कृतीच्या वांट्यास इतके अश्रु आले म्हणजे तिचें भाग्य थोर खरें. परंतु डोळे भरून आले असतां समोरचें नीट दिसत नाहीं, हेंही तितकेंच खरें. सुधाकराच्या अधःपातानें व सिंधूच्या मरणानें आपण इतके विव्हल होतों, कीं नाटककारानें आपल्यासमोर उघड मांडून ठेवलेली एक गोष्ट पाहावयाची राहून जाते. ती कोणती, हें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

ती आमच्या ध्यानांत आली ती मात्र आमच्या विद्वत्तेमुळें नव्हे. आम्ही बारामतीस पुष्कळ वर्षें अध्यापन करीत आहों. दोन वर्षांपूर्वीं पदवीच्या वर्गास हें नाटक शिकवीत असतां इंदापूर तालुक्यांतील एका खेड्याचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आमच्याकडे एकटा कुणीच पीत नाहीं. मग सुधाकराला सगळे एकट्यालाच कां दोष देतात?” आम्ही त्यास जें उत्तर दिलें तें पुस्तकी होतें. शोकांतिकेचा नायक हा नेहमीं एकाकीच असतो, त्याच्या नाशाचें बीज त्याच्या स्वभावांत असतें, वगैरे. मुलगा खालीं बसला. पण त्याचें समाधान झालें नाहीं हें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नव्हतें. तास सुटल्यावर तो आमच्याकडे आला व त्यानें हा प्रश्न कां विचारला तें सांगितलें. तें पुढें योग्य स्थळीं येईल. प्रथम नाटकाकडे वळूं.

‘एकच प्याला’वरील आजवरच्या चर्चेचे दोन मुख्य विषय आहेत. ही शोकांतिका सुधाकराची कीं सिंधूची, हा पहिला. आणि सुधाकरासारखा बुद्धिमान पुरुष इतक्या क्षुल्लक कारणावरून व्यसनाच्या आहारीं जातो हें संभवनीय आहे काय, हा दुसरा. न्यायालयांत मुन्सफाशीं खटका उडतो, वकिलीची सनद कांहीं काळ काढून घेतली जाते, स्वाभिमान दुखावतो, आणि त्या क्षणीं तळीराम नांवाचा कारकून पहिला प्याला पुढें करतो. ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र वाचलेला टीकाकार येथें नायकाचा स्वभावदोष शोधूं लागतो आणि तो त्यास सहज सांपडतो : सुधाकराचा अहंकार. आम्हीही वर्षानुवर्षें हेंच शिकवीत आलों. हें चूक आहे असें नव्हे. परंतु ह्या दोन्ही चर्चांत एक गृहीत आहे, कीं दारू ही एका माणसाच्या व एका प्याल्याच्या मधली गोष्ट आहे. गडकऱ्यांचें नाटक तसें म्हणत नाहीं.

नाटकांत एक संस्था आहे. तिचें नांव आर्यमदिरामंडळ. आमच्या टीकाकारांनीं तिला विनोदी उपकथानकाच्या खात्यांत जमा करून टाकलें आहे. करुणरसाचा भार हलका व्हावा म्हणून मधूनमधून योजलेली करमणूक, एवढेंच तिचें मोल. आमच्या मतें हें मंडळ नाटकाचा कणा आहे. त्या काळीं महाराष्ट्रांत सभा, समाज व मंडळें यांचें पीक आलेलें होतें. गडकऱ्यांनीं त्यांचीच नक्कल करून मद्यप्यांस मंडळ दिलें. त्यास नांव आहे, सभासद आहेत, व्याख्यानें आहेत. शास्त्री आणि खुदाबक्ष तेथें एका पंक्तीस बसतात. समाजसुधारकांना जें साधलें नाहीं तें दारूच्या बैठकीनें साधलें, हा त्यांतला दंश आहे. परंतु दंशाहून खोल असें एक निरीक्षणही त्यांत आहे. दुखावलेला, अपमानित, कामावांचून घरीं बसलेला माणूस ज्या दारांतून आंत गेला असतां त्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं, उलट बसावयास जागा करून देतो, असें सबंध नाटकांत एकच दार आहे, आणि तें ह्या मंडळाचें आहे.

इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस येथें ‘ऑथेल्लो’तील एक प्रवेश आठवल्याशिवाय राहणार नाहीं. (देवलांनीं १८९० सालीं ‘झुंजारराव’ ह्या नांवानें तें नाटक मराठींत आणलें.) उत्सवाची रात्र आहे. कॅसिओ प्रथम नको म्हणतो. आज एक प्याला झाला, आपलें डोकें कच्चें आहे, असें तो स्पष्ट सांगतो. इआगो त्याच्याशीं वाद घालीत नाहीं. तो मंडळी जमवितो, गाणें म्हणतो, दोस्तांची तब्येत राखण्याची गोष्ट काढतो. आणि घटकाभरांत कॅसिओची अब्रू व अधिकार दोन्ही जातात. कॅसिओ हा व्यसनी नव्हे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो शुद्धीवर असतो आणि पश्चात्तापानें पोळत असतो. त्याचा घात एका रात्रीच्या संगतीनें केला. तळीराम हा इआगोइतका दुष्ट नाहीं. तो स्वतःही त्याच पाण्यांत बुडत आहे. परंतु त्याची युक्ति तीच आहे. तो दारू पुढें करतो म्हणण्यापेक्षां सोबत पुढें करतो, आणि सोबतीबरोबर दारू येते, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

आतां पारड्याची दुसरी बाजू पाहा. सुधाकराच्या बाजूचीं माणसें कांहीं वाईट नाहींत. किंबहुना नाटकांतील सर्व सद्गुण त्यांच्याच वांट्यास आलेले आहेत. रामलाल हा जिवाचा मित्र. पण तो ऐन वेळीं विलायतेस गेलेला असतो. पद्माकर हा सिंधूचा भाऊ. तो द्रव्य देऊं करतो. सिंधू तें नाकारते व दुसऱ्यांचीं दळणें दळून संसार ओढते. प्रत्येक जण आपापल्या जागीं थोर आहे, आणि प्रत्येक जण एकटा आहे. पिणारांचें मंडळ आहे; न पिणारांचें मंडळ नाहीं. मध्यंतरीं सुधाकर शुद्धीवर येतो, दारू सोडण्याची शपथ घेतो, आणि कांहीं काम मिळावें म्हणून प्रतिष्ठितांचे उंबरे झिजवितो. तेथें त्याला मिळतो तो उपदेश, उपहास व अपमान. आमच्या दृष्टीनें नाटकाचा खरा कलाटणीचा क्षण हा आहे. पहिला प्याला नव्हे. पहिल्या प्याल्याचा दोष सुधाकराच्या माथीं मारतां येईल, ह्या दुसऱ्या पहिल्या प्याल्याचा दोष कोणाच्या? त्या दिवशीं गांवांत सभ्य माणसें थोडीं नव्हतीं. परंतु सायंकाळीं त्यास आंत घेणारें दार पुन्हां तेंच एक निघालें.

सिंधूविषयीं लिहितांना लेखणी जपून चालवावी लागते. बालगंधर्वांच्या कंठानें ती महाराष्ट्राच्या देव्हाऱ्यांत बसली आहे, आणि तिच्या सहनशीलतेपुढें नम्र होणार नाहीं असें अंतःकरण विरळा. तरीही आम्ही असें म्हणण्याचें धाडस करतों, कीं तिचा अखेरचा त्याग हा काव्यदृष्ट्या जितका उत्तुंग तितकाच व्यवहारदृष्ट्या घातक आदर्श आहे. मूल गेलें, स्वतः मरणाच्या दारांत आहे, आणि तरीही पोलिसांस ती सांगते कीं हा सर्व आपल्याच पडण्याचा परिणाम. प्रेक्षागृह हुंदके देतें. आमच्या भागांतील कित्येक घरांत हीच वाक्यें आजही दवाखान्यांत बोललीं जातात : मोरींत पाय घसरला, चौकट लागली. तेथें मात्र हुंदके देणारें कोणी नसतें, आणि पुढल्या वेळची चौकट तयारच असते. नाटकांत गीता आहे. तळीरामाची बायको, तिखट जिभेची, नवऱ्याच्या दुर्गुणावर पांघरूण न घालणारी. आपण तिला हसतों आणि सिंधूला नमस्कार करतों. दारूपुरतें बोलावयाचें तर समाजाला गीतेपासून शिकण्यासारखें अधिक आहे.

ह्या नाटकावर आमचा एकच मोठा आक्षेप आहे, आणि त्याचें उत्तर नाटकांतच आहे ही मौजेची गोष्ट होय. सुधाकराच्या तोंडीं व्यसनाच्या पायऱ्यांचें जें विवेचन घातलें आहे त्याचा सारांश असा, कीं ह्या वाटेवरून परत फिरणें नाहीं. सोडतां येणें शक्य असतें तेव्हां सोडण्याची इच्छा नसते, आणि इच्छा होते तेव्हां शक्ति उरलेली नसते. हें भाषण इतकें प्रभावी आहे कीं तें वेदवाक्यासारखें मानलें गेलें. शोकांतिकेला तसल्या अटळतेची गरज असते हेंही खरें. परंतु त्याच नाटकांत भगीरथ आहे. तोही मदिरामंडळांत येऊन पोहोंचलेला तरुण. रामलाल त्याला गांठतो, त्याच्याशीं माणसासारखा बोलतो, त्याच्यापुढें कांहीं कार्य ठेवतो. आणि भगीरथ परत फिरतो. ह्या भगीरथाकडे टीकाकारांनीं फारसें लक्ष दिलेलें नाहीं, कारण त्यानें कोणाला रडविलें नाहीं. आणि पुढचा इतिहास भगीरथाच्या बाजूचा आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत दोघा मद्यासक्तांनीं एकमेकांस सांवरण्यासाठीं जी मैत्री जोडली तिच्यांतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही जगभर पसरलेली चळवळ निघाली. आणि पुण्यास १९८६ सालीं अनिल व सुनंदा अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ काढलें. ह्या दोहोंचेंही मर्म एकच : सुटलेला माणूस सुटूं पाहणाराशेजारीं येऊन बसतो. आर्यमदिरामंडळाला हें उलटें मंडळ आहे. औषध आहे, उपचार आहे, पण पाया सोबतीचा आहे.

येथवर आम्ही व्यसनाविषयीं बोललों. परंतु त्या मुलानें जो प्रश्न विचारला होता तो व्यसनाविषयीं नव्हताच. वर्ग सुटल्यावर त्यानें सांगितलें तें असें. आदल्या वर्षीं आषाढी अमावास्येला हे सातआठ मित्र भिगवणच्या बाजूस एका ढाब्यावर जमले. (ही दिव्यांची अवस, आमच्या लहानपणीं ह्या दिवशीं घरांतले सगळे दिवे घासून पाटावर मांडीत व पूजीत. हल्लीं तिला गटारी म्हणतात.) त्यांत एक मुलगा होता, वर्षांतून दोनतीनदां घेणारा, एरव्हीं कधीं नाहीं. पैज लागली. तासाभरांत त्यानें पुष्कळच घेतली, बडबडला, ओकला, आणि आडवा झाला. मित्रांनीं त्यास खोलीवर आणून उताणा निजविला. “झोपूं द्या, सकाळपर्यंत उतरेल,” असें कोणी तरी म्हणालें. पहाटे त्यास हांक मारली तेव्हां तो उठला नाहीं. हें सांगून मुलगा थांबला, आणि मग म्हणाला, “सर, ‘झोपूं द्या’ म्हणणारा मीच.”

ह्या प्रसंगानंतर आम्ही वैद्यकाचीं पुस्तकें चाळलीं, आणि आपण किती अज्ञानांत होतों तें कळलें. मद्याचा धोका मोजण्याचें आपलें माप चुकीचें आहे. रोज पितो तो दारुडा, आणि क्वचित् पितो तो सुरक्षित, असा आपला समज. परंतु एका बैठकींत घाईनें केलेलें अतिपान हें न पिणारासही एका रात्रींत मारूं शकतें. जागतिक आरोग्य संघटना एका प्रसंगीं ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क वा त्याहून अधिक घेण्यास अतिपान म्हणते. आपल्या बाजारांत १८० मिलिलिटरची जी बाटली ‘क्वार्टर’ म्हणून ओळखली जाते, तिच्यांत कडक दारू असल्यास मद्यार्क भरतो तो जवळजवळ नेमका ६० ग्रॅम. म्हणजे जिला आमचीं मुलें सुरुवात समजतात ती हद्द आहे. यकृत तासास सुमारें सातपासून दहा ग्रॅमच मद्यार्क जाळूं शकतें. लिंबू, ताक, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनीं त्याचा वेग वाढत नाहीं. पोटांत गेलेलें मद्य माणूस निजल्यावरही रक्तांत चढतच राहतें. श्वास मंदावतो, अंग थंड पडतें, आणि उताण्या माणसास ओकारी झाली तर ती श्वासनळींत जाऊन तो गुदमरतो. म्हणून ज्यास जागें करतां येत नाहीं, ज्याचा श्वास थांबतथांबत चालतो, ज्याचे ओठ निळसर झाले, तो झोपलेला नसतो. त्यास कुशीवर वळवावा, एकट्यास सोडूं नये, आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. एवढें ज्ञान त्या आठांपैकीं एकास असतें, तर आमच्या वर्गांत एक बांक रिकामें राहिलें नसतें.

‘एकच प्याला’ हें नांव किती अचूक आहे तें आम्हांस तेव्हां कळलें. दोन, तीन, चार अशी मोजणी बैठकींत होतच नाहीं. प्रत्येक प्याला हा ‘एकच’ असतो. आणि तो ‘एकच’ म्हणणारा बहुधा पिणारा नसतो, शेजारचा असतो.

सामुदायिक अतिपानाचा हा धोका आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हता असें नाहीं. बारामतीच्या कऱ्हाकांठीं ज्यांचें आयुष्य गेलें त्या मोरोपंतांनीं आर्याभारतांत अठराही पर्वें मराठींत उतरविलीं. त्यांत मौसलपर्वही आहे. मुसळाच्या शापाची कथा सर्वांस माहीत असते. पण तिच्यांतील एक तपशील सहसा कोणी सांगत नाहीं. शाप झाल्यावर द्वारकेंत दवंडी पिटण्यांत आली, कीं आजपासून कोणीं सुरा गाळूं नये; गाळील त्यास बांधवांसह सुळीं देण्यांत येईल. म्हणजे दारूबंदी, आणि शिक्षाही आजच्या कोणत्याही कायद्याहून कडक. पुढें तेच यादव यात्रेच्या निमित्तानें प्रभासतीर्थीं जमले. तेथें दवंडी नव्हती; मेळा होता, उत्साह होता, आणि सर्वच पीत होते. जुन्या युद्धांतील उणीं निघालीं, सात्यकीनें कृतवर्म्याचें शिर उडविलें, आणि संध्याकाळपर्यंत कूळ उरलें नाहीं. भारतकारानें येथें शत्रु आणलेला नाहीं. एवढ्या मोठ्या कुळाच्या नाशास एक यात्रा व एक बैठक पुरली. आणि त्याहून लक्षांत ठेवण्याजोगें हें, कीं श्रीकृष्ण स्वतः तेथें उपस्थित होता.

ह्या दवंडीची गोष्ट आमच्या प्रांतांत पुन्हां पुन्हां घडली आहे. मुंबईंत १९३९ च्या ऑगस्टांत दारूबंदी आली; त्याच वर्षीं अत्र्यांच्या लेखणींतून उतरलेला ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट निघाला, आणि बाटली शोधीत हिंडणाऱ्या भाबड्या बगारामाला लोक पोट धरून हसले. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकांत आहे. कडक मद्य घेण्यास पंचवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात असा त्याखालीं नियम आहे. आमच्या वर्गांतील मुलें एकोणीसवीस वर्षांचीं, आणि त्यांतील एकासही बाटली मिळण्यास अडचण पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं बंदी झाली व २०२१ सालीं उठली. शेजारच्या गडचिरोलींत १९९३ पासूनची बंदी टिकून आहे. तिच्या पाठीशीं गांवोगांवच्या लोकांची चळवळ होती. कायदा निरर्थक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कायदा हा बांध आहे. पण बांधाची राखण करण्यास गांव लागतें.

बांधाची उपमा आम्हांस सुचली ती आमच्या भूमीवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी बारामती व इंदापूर ह्या दुष्काळी तालुक्यांत आलें आणि माळरानांवर ऊस उभा राहिला. पुढें वालचंदनगर, माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथें कारखाने झाले. घरें झालीं, शाळा झाल्या, आमचीं महाविद्यालयेंही त्याच गोडव्यांतून झालीं. पण पाणी आहे म्हणून सोडीतच राहिलें, निचऱ्याची वाट ठेवली नाहीं, तेव्हां कित्येक जमिनी चिबड होऊन वर मीठ फुटलें. आमच्या शेतकऱ्यास हें कोणीं समजावून सांगावें लागत नाहीं : जमीन पाण्याच्या अभावानें जितकी मरते तितकीच निचऱ्याच्या अभावानें मरते. त्याच उसाच्या एका टनामागें चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी निघते, आणि मळीपासून मद्यार्क. म्हणजे दारू ही आमच्याकडे बाहेरून आलेली आपत्ति नाहीं. ती आमच्याच समृद्धीच्या पोटची आहे. उसाचें बिल आलें, जमिनीचा पैसा आला, निवडणूक आली, लग्नाची हळद आली, यात्रा आली, कीं पाणी सोडलें जातें. निचरा कोणी काढलेला नसतो. आणि ज्यांच्या हातांवर हा सारा उद्योग उभा आहे, ते बीड-नगरकडून कोयता घेऊन येणारे मजूर कोपींत राहतात. दिवसभराच्या तोडणीनंतर त्यांच्यापुढें करमणूक म्हणून जें येतें तें बहुधा गुत्त्याचेंच. तेथल्या सिंधूंचीं नाटकें अद्याप कोणीं लिहिलीं नाहींत.

मग करावें काय? गडकऱ्यांच्या नाटकाचा आम्हीं लावलेला अर्थ बरोबर असेल, तर उत्तर त्यांतच आहे : मंडळाला मंडळानेंच उत्तर द्यावें लागतें. ह्याचे दाखले आपल्या प्रांतांत आहेत. १९७२ च्या सुमारास शहाद्याकडील भिल्ल स्त्रियांनीं एकत्र जमून गुत्त्यांवरचीं मडकीं फोडलीं. त्यांतील एकेकटी बाई घरीं बसली असती तर ती सिंधूच झाली असती. हल्लींच्या नियमानें गांवांतील चौथाई स्त्री-मतदारांनीं मागणी केली तर दुकानाविषयीं गुप्त मतदान होतें, आणि निम्म्याहून अधिक जणींनीं ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला तर दुकान उठतें. जी गोष्ट एका बाईला चारचौघांत बोलतां येत नाहीं, ती शंभर जणींना चिठ्ठींतून बोलतां येते. गीतेची जीभ अशा रीतीनें कायद्यास मिळाली आहे.

परंतु दुकान उठविल्यानें ढाबा उठत नाहीं, आणि आमच्या मुलांचें मरण ढाब्यावरचें आहे. तेथें आम्हांस यात्रा कमिटी, तालीम, गणेशमंडळ, भजनी मंडळ, आणि महाविद्यालय ह्या आधींच उभ्या असलेल्या मंडळांची आठवण होते. आमच्या गांवांत मंडळांचा तुटवडा कधींच नव्हता. वर्गणी कोणाची घ्यावयाची, मिरवणूक किती वाजतां संपवावयाची, मिरवणुकींत पिऊन आलेल्यास काय म्हणावयाचें, हें ठरविणें त्यांच्या हातीं आहे. दहा जण बाहेर निघाले तर त्यांतील दोघांनीं न घेण्याचें व सर्वांस घरीं पोहोंचविण्याचें ठरविणें, पैज लागली कीं ती मोडणें, ‘नको’ म्हणणाऱ्यास दुसऱ्यांदा आग्रह न करणें, ह्या लहान गोष्टी आहेत. पण आग्रह हा आमच्या आदरातिथ्याचा भाग असल्यामुळें त्यांना धैर्य लागतें. जिलबीचा आग्रह आणि प्याल्याचा आग्रह ह्यांत अंतर आहे, हें पंगतींत वाढणाऱ्यानेंच सांगितलें पाहिजे. आणि जो सोडून परत आला त्यास काम द्यावें. निदान त्याच्या तोंडावर दार लावूं नये. सुधाकराचा दुसरा पहिला प्याला त्या लावलेल्या दारांत भरला गेला होता.

आम्हां अध्यापकांसही ह्यांतून सुटतां येत नाहीं. इतकीं वर्षें आम्ही हें नाटक शिकविलें; कल्पनाविलास, भाषावैभव, विनोद व करुण यांचा मेळ, ह्यांवर प्रश्न काढले व गुण दिले. उताण्या निजविलेल्या मुलास कुशीवर वळवावें, हें वाक्य आमच्या तोंडून एकदांही निघालें नाहीं. वाङ्मयाच्या तासास तें शोभलें नसतें, असें पूर्वीं आम्ही म्हटलें असतें. आतां तसें म्हणवत नाहीं. जें नाटक पाहून मनुष्य शेजाऱ्याच्या बाबतींत अधिक सावध होत नाहीं, त्याची करुणा नाट्यगृहांतच संपली असें समजावें. आणि तो दोष नाटकापेक्षां तें शिकविणाराचा व पाहणाराचा अधिक.

तो मुलगा आतां पदवी घेऊन गांवीं परतला आहे. गेल्या आषाढांत त्यानें कळविलें, कीं अमावास्येच्या रात्रीं तो व त्याचे चौघे मित्र चहाची मोठी किटली घेऊन हमरस्त्याच्या फाट्यावर बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्यांस उपदेश करावयाचा नाहीं असें त्यांनीं आपसांत ठरविलें होतें. तिघांकडून दुचाकीच्या किल्ल्या काढून घेतल्या व त्यांना घरीं पोहोंचविलें. एकास शुद्ध नव्हती. त्यास इंदापुरास दवाखान्यांत नेलें, आणि दुसऱ्या दिवशीं तो चालत घरीं आला. लोक थोडे हसले, एकानें शिवी दिली, दोघीतिघींनीं घरून बिस्किटें पाठविलीं. पुढल्या वर्षीं आणखी दोघे येतों म्हणाले आहेत. मंडळाला नांव मात्र अद्याप ठेवलेलें नाहीं, असें तो लिहितो.